गाडीवर ‘बहुजन हिताय’, पण बहुजनांच्या गावाला गाडी किती?

एसटी महामंडळाचे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. रोज लाखो माणसे या ब्रीदाखाली प्रवास करतात. परंतु हे शब्द कोणाचे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. सारनाथला पहिला भिक्खुसंघ उभा राहिल्यावर तथागतांनी आपल्या साठ शिष्यांना चारिकेला पाठविले, त्या वेळचे हे शब्द आहेत. प्रत्येकाने वेगळी वाट धरावी, कोणतेही गाव वगळले जाऊ नये, हा त्या आदेशाचा अर्थ. म्हणजे हे शब्द मुळातच प्रवासाला निघालेल्यांना उद्देशून आहेत. ज्या संस्थेने हे ब्रीद स्वीकारले, तिने एखाद्या गावाला ‘तुमच्या फेरीत फायदा नाही’ असे म्हणावे काय, हा आमचा सवाल आहे. आणि हा सवाल गोंदिया जिल्ह्याएवढा इतरत्र क्वचितच कुठे बोचत असेल.

आमच्या समाजाला प्रवासाचा इतिहास नव्याने सांगण्याची गरज नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या भीमराव नावाच्या मुलाला कोरेगावला वडिलांकडे जायचे होते. पोरे महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी स्वतः हाकून ती भावंडे रात्रभर तहानलेली प्रवास करीत राहिली. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर झालेले बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरत असताना चाळीसगावला तेच घडले. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. मग टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने टांगा चालविला, तो उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. विद्वत्ता आणि सरकारी हुद्दा, दोन्ही त्या दिवशी कामी आले नाहीत. कारण वाहन खाजगी होते आणि कोणाला बसू द्यायचे हे मालकाची जात ठरवीत होती.

एसटीने जात मोडली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एसटीच्या तिकिटावर जात छापलेली नसते. ज्याने पैसे मोजले तो बसणार, मग शेजारी पाटील असो की पुजारी. गावच्या विहिरीवर जे घडायला पिढ्या गेल्या, ते एसटीच्या बाकड्यावर एका तिकिटात घडले. म्हणून एसटी हा आमच्यासाठी केवळ सोयीचा विषय नाही. तो समतेचा विषय आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. १९५० साली संसदेने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला. त्या कायद्याच्या कलम १८ ने महामंडळावर कर्तव्य टाकले आहे, की राज्यात कार्यक्षम, पुरेशी, स्वस्त आणि सुसूत्र वाहतूक व्यवस्था उत्तरोत्तर उभी करावी. ‘पुरेशी’ आणि ‘स्वस्त’ हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. कारण त्याच कायद्याचे कलम २२ सांगते, की महामंडळाने व्यापारी तत्त्वावर कारभार करावा. राज्यकर्त्यांना आणि नोकरशाहीला कलम २२ नेहमी आठवते, कलम १८ मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

आता गोंदियाकडे पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ज्या भंडाऱ्यातून बाबासाहेब उभे राहिले, तोच हा मुलूख. जिल्ह्यात आठ तालुके आहेत: गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. एसटीची आगारे मात्र दोन, गोंदिया आणि तिरोडा. तीही भंडारा विभागाच्या अखत्यारीत. दक्षिणेकडच्या तालुक्यांना शेजारच्या जिल्ह्यातील साकोली आगाराकडे डोळे लावावे लागतात. जिल्हा स्वतंत्र होऊन पाव शतक उलटले, तरी एसटीच्या नकाशावर तो अजून भंडाऱ्याचाच भाग आहे.

जिल्ह्यातून हावड्याची लोहमार्गरेषा जाते, चांदा फोर्टकडेही रेल्वे आहे. पण देवरीला रेल्वे नाही, चिचगडला नाही, केशोरीला नाही. जंगलाच्या कडेने वसलेल्या या गावांत गोंड, हलबा, महार, ढीवर अशी माणसे राहतात. धानाची रोवणी, तेंदूपत्ता, मोहफुले आणि मजुरी यांवर त्यांचे पोट चालते. दारात मोटारसायकल असणे म्हणजे येथे ऐपतीचे लक्षण. बाळंतपण अडले तर गोंदियाचे बाई गंगाबाई रुग्णालय, आजार बळावला तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जातीचा दाखला हवा तर तालुक्याचे ठिकाण, खटल्याची तारीख असेल तर कोर्ट. या सगळ्यांच्या आणि गावाच्या मध्ये एकच लाल गाडी उभी असते. ती आली तर हक्क मिळतो, नाही आली तर घटनेतला हक्क घटनेतच राहतो. तारखेला पोहोचू न शकलेला पक्षकार म्हणजे काय, हे वकिली करणाऱ्या आम्हांला कोणी शिकवायला नको.

महामंडळाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्यांनी खेड्यातील मुलींना शाळेपर्यंत आणले. ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पास आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. या सवलतींनी किती आयाबाया माहेरी, दवाखान्यात आणि बाजारात जाऊ लागल्या, हे कोणत्याही बसस्थानकावर तासभर उभे राहिले तरी दिसते. कचारगडची यात्रा असो की दीक्षाभूमीचा सोहळा, गरिबाला तेथे नेणारी गाडी एसटीचीच असते.

परंतु सवलत तिकिटावर असते आणि तिकीट गाडीत मिळते. गाडीच आली नाही, तर निम्म्या तिकिटाचा उपयोग काय? एसटीच्या भाषेत ‘भारमान’ नावाचा एक शब्द आहे. गाडीत आसनांच्या मानाने किती प्रवासी बसले, त्याचा हा हिशेब. भारमान कमी पडले की फेरीवर गदा येते आणि पहिला बळी जातो तो आडवळणाच्या गावाचा. संध्याकाळची मुक्कामी गाडी बंद झाली, की फळ्यावरची एक ओळ पुसली जाते, एवढेच आगाराला दिसते. गावात मात्र दहावी झालेल्या मुलीचे कॉलेज बंद होते. बाप म्हणतो, अंधारात परत कशी येशील? मग काळीपिवळी आहे, जीप आहे. त्यांत माणसे कोंबून भरली जातात, तेथे पास चालत नाही, सवलत चालत नाही आणि भाडे मालक ठरवतो. म्हणजे फिरून आपण चाळीसगावच्या टांग्यापाशीच आलो! फरक इतकाच, की त्या वेळी जात आडवी आली, आता खिसा आडवा येतो. आणि या देशात रिकामा खिसा कोणत्या जातींच्या वाट्याला अधिक आला आहे, हे वाचक जाणतात.

पैसा नाही, असे उत्तर मिळते. जून २०२५ मध्ये राज्य शासनाने काढलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींहून अधिक दाखविला आहे. पण हा तोटा झाला कसा? वर्षानुवर्षे एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर शासनानेच लावला. सवलती शासनाने जाहीर केल्या आणि त्यांच्या प्रतिपूर्तीसाठी महामंडळाला शासनाच्या दाराशी उभे राहावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढविले, तो भारही शेवटी मजुरावरच पडला.

याच गोंदियात बिरसीला विमानतळ आहे. मार्च २०२२ मध्ये ‘उडान’ योजनेखाली तेथून इंदूर-हैदराबाद विमान सुरू झाले. ते काही काळाने बंद पडले, डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीचे विमान आले. विमान उडावे याला आमचा विरोध नाही, आमची मुलेही उद्या त्यात बसतील. आमचा मुद्दा तत्त्वाचा आहे. ‘उडान’मध्ये मार्ग परवडत नसेल तर कंपनीची तूट सरकारी निधीतून भरून देण्याची सोय आहे. विमानाच्या रिकाम्या खुर्चीला अनुदान हा ‘विकास’ आणि चिचगडच्या गाडीतील रिकामे बाकडे हा ‘तोटा’, हा न्याय कोणत्या ग्रंथातला?

आता कामगारांविषयी. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शासनात विलीनीकरण ही मागणी मान्य झाली नाही. त्या काळात खेड्यापाड्यांचे हाल झाले हे खरे, पण तुटपुंज्या पगारावर परगावच्या पारावर मुक्काम करणाऱ्या चालक-वाहकांचे हाल त्याआधी किती वर्षे चालले होते? एसटीची नोकरी ही आमच्या अनेक घरांतील पहिली सरकारी नोकरी. बिल्ला लावलेल्या बापाच्या पगारावर मुले पदवीपर्यंत पोहोचली. २०१७ पासून ‘शिवशाही’च्या निमित्ताने भाड्याच्या खाजगी गाड्या आणि त्यांचे खाजगी चालक आले. कंत्राटदाराच्या चालकाला बिंदुनामावली लागू नाही, आरक्षण नाही, निवृत्तिवेतन नाही. आरक्षण रद्द करण्याचा ठराव कोणी केला नाही. नोकरीच हळूहळू बाहेर काढली जात आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही तेवढाच गंभीर आहे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी शिवशाही सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि दहाहून अधिक प्रवासी जागीच किंवा उपचारादरम्यान दगावले. मदत जाहीर झाली, दौरे झाले. पण रस्त्याचे वळण, गाडीची स्थिती आणि चालकाचे कामाचे तास यांचा जाब दर वेळी मृतांच्या राखेबरोबर थंड होतो.

मग करायचे काय? येथे वकील म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कलम १८ ला एक परंतुक जोडलेले आहे. त्यानुसार केवळ या कलमाच्या आधारे महामंडळाला कोर्टात खेचून गाडी मागता येत नाही. म्हणजे हा लढा न्यायालयावर सोपवून घरी बसण्याचा नाही. परंतु याच कायद्याच्या कलम १७ मध्ये सल्लागार परिषदांची तरतूद आहे. घटनेचे कलम १७ आमच्या पोराटोरांना तोंडपाठ आहे, ते असलेच पाहिजे. आता परिवहन कायद्याचे कलम १७ ही पाठ करावे. ज्यांच्यासाठी गाडी धावते, त्यांचा आवाज वेळापत्रक ठरवताना असावा, अशी ही वाट आहे.

आम्हांला आत्मटीकाही केली पाहिजे. जयंतीला मिरवणूक निघते, स्मारकासाठी मोर्चा निघतो, आणि ते योग्यच आहे. पण गावची सकाळची गाडी बंद झाली तेव्हा आपल्या किती शाखांनी आगाराच्या दारात निवेदन दिले? जुलै २०२४ पासून महामंडळाने ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, ज्यात विभाग नियंत्रकाने आगारात बसून तक्रारी ऐकायच्या. त्या टेबलासमोर आपला माणूस उभा नसेल, तर दोष एकट्या नियंत्रकाचा नाही.

प्रत्येक गावाच्या शाखेने एक वही करावी. गाडी किती वाजता यायची, किती वाजता आली, कोणत्या दिवशी आलीच नाही, किती विद्यार्थी व किती रुग्ण खोळंबले, हे महिनाभर लिहावे. माहिती अधिकाराखाली रद्द फेऱ्यांचा तपशील मागवावा. दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवून ग्रामसभेत ठराव घ्यावा, त्यात गोंड आणि कुणबी, ढीवर आणि पोवार सर्वांच्या सह्या असाव्यात, कारण गाडी एका जातीची नसते. मुक्कामी गाडी मागताना चालक-वाहकासाठी स्वच्छ खोली व पाणी देण्याची जबाबदारीही गावाने घ्यावी. आणि गोंदिया जिल्ह्याला स्वतंत्र विभाग व दक्षिणेकडे आणखी एक आगार, ही मागणी प्रत्येक उमेदवाराकडून लेखी वदवून घ्यावी.

ब्रीदवाक्य रंगवायला खर्च येत नाही. ते पाळायला गाडी लागते, डिझेल लागते, माणूस लागतो. ‘बहुजन’ हा शब्द ज्यांनी आपल्या ब्रीदात घेतला, त्यांना त्याचा अर्थ विचारण्याचा पहिला अधिकार बहुजनांचा आहे. उद्या सकाळी आपल्या गावच्या थांब्यावर किती मुली उभ्या आहेत, हे मोजण्यापासून सुरुवात करा.