‘कसं काय, बरं आहे ना?’



रस्त्यात ओळखीचे कोणी भेटले की “काय, कसं काय?” असे विचारतात आणि आपण “बरं आहे” म्हणून पुढे जातो. हा एक प्रकारचा नमस्कारच आहे. त्याला खरे उत्तर अपेक्षित नसते आणि त्यात गैरही काही नाही. अडचण येते ती हाच प्रश्न दवाखान्यात विचारला जातो तेव्हा. तीन दिवस तापाने फणफणलेला मुलगाही डॉक्टरांना सवयीने “बरं आहे” असे सांगून मोकळा होतो! माझे म्हणणे असे, की दवाखान्यातल्या गप्पा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींना निरनिराळे उत्तर द्यायला हवे.

पहिला प्रकार सुई टोचतानाचा. “कितवीत आहेस? क्रिकेट खेळतोस का?” असे सिस्टर विचारतात. तुमचे लक्ष सुईवरून हटावे हा त्यामागचा हेतू असतो. लक्ष दुसरीकडे असले की वेदना कमी जाणवते. तेव्हा इथे मनमोकळेपणाने बोला. तुमच्या संघाने सामना कसा जिंकला तेही सांगा.

दुसरा प्रकार रक्तदाब मोजतानाचा. दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजण्याची रीत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली मांडली. रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली तिला स्टेथोस्कोपची जोड दिली. पट्ट्यातील हवा सोडताना रोहिणीतून येणारे मंद ठोके ऐकायचे आणि ते सुरू होताना व थांबताना दाब किती होता ते पाहायचे. पाऱ्याची उपकरणे आता मागे पडत चालली, तरी दाब अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतात.

आता थोडे गणित करू. रक्ताची घनता सुमारे १.०६ आणि पाऱ्याची १३.६ आहे. म्हणून दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १३ सेंटिमीटर खाली राहिला, तर दाब सुमारे १० मिलिमीटरने जास्त दिसेल. मापन चालू असताना बोलत राहिले तरी साधारण तेवढीच वाढ होऊ शकते. मोठ्या माणसांत १४० हा आकडा उच्च रक्तदाबाची सीमा म्हणून धरतात. खरा दाब १३४ असलेले आजोबा गप्पांच्या भरात १४४ वर पोहोचतील आणि कदाचित गोळ्याही सुरू होतील. म्हणून मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे आणि पट्टा फुगू लागला की गप्प राहावे. सिस्टरांनी तेवढ्यात काही विचारलेच, तर “मोजून झाल्यावर सांगतो” असे नम्रपणे म्हणावे. यात उद्धटपणा नाही. प्रयोग चालू असताना टेबल हलवू नये, असे आपण म्हणतो त्यातलाच हा प्रकार.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. केसपेपर पुढे ओढून डॉक्टर विचारतात, “काय, कसं वाटतंय?” शब्द रस्त्यावरचेच, पण इथे तो नमस्कार नव्हे. हे मापन आहे आणि मापनाचे उपकरण तुम्ही स्वतः आहात. पोटात किती दुखते हे दाखवणारा काटा कोणत्याही यंत्रावर नाही.

या मापनाला किंमत किती? १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ८० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६ जणांचे शेवटी ठरलेले निदान आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाची हकीगत एवढ्यावरूनच झाले होते. तपासणीमुळे मत बदलले ते ७ रुग्णांत, आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांमुळे आणखी ७ रुग्णांत. तेव्हापासून यंत्रे खूप सुधारली आहेत. तरी कोणती चाचणी करायची, हे आजही तुमच्या सांगण्यावरूनच ठरू लागते.

प्रात्यक्षिकाच्या तासाला काही विद्यार्थी लंबकाचा प्रयोग करतात आणि गुरुत्वीय त्वरण ९८० च्या जवळ यावे म्हणून वाचने ‘जुळवून’ लिहितात. समोरच्याला जे ऐकायला बरे वाटेल ते लिहायचे! दवाखान्यातले “बरं आहे” हे असेच जुळवलेले वाचन होय. वहीतल्या चुकीने फार तर गुण जातील. पण पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखत असताना “थोडंसंच आहे” म्हणून दोन दिवस काढले, तर आंत्रपुच्छाची सूज फुटण्यापर्यंत जाऊ शकते.

“आल्या आल्या रडगाणं काय गायचं?” असे घरातले वडीलधारे म्हणतील. त्यात तथ्य आहे. म्हणून आधी नमस्कार करा आणि लगेच मोजके सांगा: कुठे दुखते, केव्हापासून, कशाने वाढते, कशाने कमी होते. सकाळी तापाची गोळी घेतली असेल तर तेही सांगा. नाहीतर थर्मामीटर गोळीचा परिणाम दाखवील आणि ताप लपून राहील. सोबतचे काका तुमच्या वतीने बोलू लागले, तर त्यांना बोलू द्या, पण राहिलेले स्वतः सांगा. मुलींनो, पाळीच्या त्रासाबद्दल वडिलांसमोर बोलणे अवघड वाटले, तर “मला सिस्टरांशी बोलायचं आहे” एवढे म्हटले तरी पुरते.

अर्थात दोष सगळा रुग्णाचा नव्हे. केसपेपरवरून मान वर न करता “बरंय ना?” असे विचारणाऱ्याला “हो” हेच उत्तर मिळणार. प्रश्नातच उत्तर घातले की मापन तिथेच बिघडते. पण दारात गर्दी असते आणि डॉक्टरांच्या हाती मिनिटे थोडी असतात. ती विद्यार्थ्यांनी कशी वापरावी, हे शिकवणे शिक्षकांच्या हाती आहे.

शिक्षकांनी एखाद्या ऑफ तासाला वर्गात दोघांना रुग्ण आणि डॉक्टर करावे. डॉक्टरने फक्त “कसं काय?” विचारावे. रुग्णाने अर्ध्या मिनिटात चार नेमकी वाक्ये सांगावीत आणि त्यांतून काय कळले, काय राहिले, हे बाकीच्यांनी वहीत लिहावे. यासाठी साहित्य काहीच लागत नाही.