कुलूपबंद सृष्टी

नरखेड तालुक्यातील एका गावच्या ग्रंथालयात आम्ही काही काळापूर्वी बसलो होतो. ग्रंथालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; कारण तेथे जे पाहिले ते महाराष्ट्रात अनेक गावी पाहावयास मिळेल. निसर्ग आणि विज्ञान या विषयांवरची नवी पुस्तके आली होती. त्यांच्यावर शिक्का बसला होता, नोंदवहीत त्यांचे क्रमांक पडले होते आणि काचेच्या कपाटात ती उंचीनुसार नीट लावलेली होती. कपाटाला कुलूप होते. किल्ली मागितली तेव्हा कळले की, ती ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ संत्र्याच्या बागेत ओलिताला गेले आहेत. शाळा सुटून आलेली दोन मुले काचेला नाक लावून एका मुखपृष्ठावरील घुबडाचे चित्र पाहत होती. शेजारच्या उघड्या फळीवर कादंबऱ्या होत्या. त्यांच्या पानांचे कोपरे हाताळून मऊ पडले होते. मुलांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ती खेळायला निघून गेली.

या प्रसंगात कोणाचाही मोठा अपराध दिसत नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, येथे एक अन्याय घडला. पुस्तक विकत घेतले म्हणजे ग्रंथालयाचे कर्तव्य संपले, ही समजूतच मुळात खोटी आहे. वाचकाच्या हाती न पडलेले पुस्तक आलेच नाही असे समजावे. या अन्यायात आपल्या ख्रिस्ती समाजाचाही वाटा आहे आणि तो लहान नाही. हे स्पष्ट बोलण्यासाठीच हा लेखप्रपंच.

वसईचा किंवा नगरकडील वाचक विचारील, नरखेडचे आम्हांस काय? आपल्या समाजाची घरे त्या बाजूस तुरळक. पण हा तालुका म्हणजे विज्ञानाची गरज उघड्या डोळ्यांनी पाहण्याची जागा आहे. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला तो आहे. उत्तरेस मध्य प्रदेश, पश्चिमेस वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. येथील संसार संत्र्यावर चालतो. संत्र्याचे झाड पाण्यावर जगते आणि पाणी काळ्या खडकाच्या भेगांत लपलेले. शेतकरी विंधनविहीर आणखी खोल नेतो आणि कर्जही तितकेच खोल जाते. खडकात पाणी कसे मुरते, कोठे साठते, उपसले किती आणि भरले किती, हे सांगणारे सोपे मराठी पुस्तक त्याच्या घरात असणे ही चैन नव्हे. ते फावड्याइतकेच गरजेचे अवजार आहे.

बागेतील कोळशीचेच उदाहरण घ्या. पाने काजळ फासल्यासारखी काळी पडतात आणि बहर उतरतो. ही काजळी मूळ रोग नव्हे. काळ्या माशीची पिल्ले पानांतील रस शोषतात आणि गोड, चिकट द्रव टाकतात. त्या द्रवावर काळी बुरशी वाढते, पानाला ऊन मिळत नाही आणि झाडाचे अन्न तयार होणे मंदावते. ही साखळी ज्याला ठाऊक आहे तो मूळ शत्रू कोण, हे ओळखतो. त्या माशीला खाणारे भुंगेरेही बागेत असतात आणि वेळीअवेळी केलेली फवारणी त्यांनाही मारते, हेही तो जाणतो. ज्याला ठाऊक नाही तो दुकानदार देईल ती बाटली घेतो. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, शेजारी काटोलला फळ संशोधन केंद्र आहे. संशोधन दाराशी आले आहे. ते उंबरठा ओलांडून घरात येत नाही, कारण मधले कपाट बंद आहे.

आणि मोवाड? याच तालुक्यातील हे गाव वर्धेच्या काठी आहे. ३० जुलै १९९१ रोजी आलेल्या महापुरात तेथील दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. नदी मध्य प्रदेशात, बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावते. वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस काही तासांनी आपल्या अंगणात येऊन उभा राहतो. पुस्तक असते तर ती माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा उथळपणा आम्ही करणार नाही. परंतु त्या काठावर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपल्या नदीचे पाणलोट क्षेत्र कोणते, पूर कसा चढतो, पूररेषा म्हणजे काय, हे ठाऊक असलेच पाहिजे. मृतांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो ते योग्यच आहे. जिवंतांसाठी ज्ञानाची तजवीज करणे हेही दयेचेच कृत्य आहे. अज्ञान्यास शिकवणे हे दयेच्या आत्मिक कृत्यांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले होते. ते केवळ परीक्षेपुरते होते काय?

आता यावरचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा, की ही पुस्तके कोणी वाचत नाही. आम्ही विचारतो, वाचायला दिली केव्हा? काचेला नाक लावणारी ती दोन मुले वाचक नव्हती, तर कोण होती? मराठीत या विषयांवर रसाळ लिहिणारे नाहीत, असेही कोणी म्हणू नये. सन २०२५ मध्ये महिनाभराच्या अंतराने दोन थोर लेखक आपण गमावले. २० मे रोजी जयंत नारळीकर गेले आणि १८ जून रोजी मारुती चितमपल्ली. एकाने आकाश मराठीत आणले, दुसऱ्याने अरण्य. चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून विदर्भाची राने पायाखाली घातली. पक्षी, प्राणी आणि वृक्ष यांची मराठी नावे कोशांतून जपली. दोघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच कार्य करीत आहे. दोघांच्या निधनानंतर गावोगावी श्रद्धांजलीच्या सभा झाल्या असतील. त्यांची पुस्तके कुलपात ठेवून वाहिलेली श्रद्धांजली त्या लेखकांना पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. गावातील ग्रंथपाल तुटपुंज्या पैशांत राबतो, हरवलेल्या पुस्तकाचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो. म्हणून तो कुलूप लावतो. त्याला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. दोष आहे तो मोजण्याच्या रीतीचा. वर्ग ठरवताना ग्रंथांची संख्या मोजली जाते. तो ग्रंथ किती हातांतून फिरला याला मात्र तितके मोल नाही. साहजिकच पुस्तके जमवण्याकडे लक्ष जाते, फिरवण्याकडे जात नाही. सन २०२२ मध्ये शासनाने या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागत आहे. परंतु वाढीव पैशातून वाढीव कुलपेच येणार असतील तर त्या वाढीने वाचकाचे काय भले होणार? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिलेच ग्रंथाच्या उपयोगाविषयी आहे. ते ग्रंथ जपण्याविषयी नाही.

तिसरा आक्षेप असा, की जुनी पुस्तके पुरेशी आहेत, नवी कशाला? कथा-कादंबरीच्या बाबतीत हे काही अंशी खरे. चांगली कादंबरी पन्नास वर्षांनीही ताजी राहते. विज्ञानाचे पुस्तक मात्र शिळे होते. २००६ पूर्वीचे खगोलशास्त्राचे पुस्तक मुलाला नऊ ग्रह शिकवील. त्या वर्षी प्लूटो त्या पंक्तीतून उठला. जुन्या पक्षिग्रंथांतून वाचणाऱ्याला वाटेल की रानपिंगळा पृथ्वीवरून नाहीसा झाला. शंभरांहून अधिक वर्षे तो पक्षी कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. १९९७ मध्ये तो आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळ सापडला आणि पुढे नरखेडच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातही आढळला. काचेमागच्या मुखपृष्ठावरील ते घुबड कोणते होते, हे आम्हालाही दुरून ओळखता आले नाही. कोणी सांगावे, रानपिंगळाही असेल! पण त्या मुलांना हे सांगायचे कोणी?

चौथा आक्षेप आपल्या घरचा आहे आणि तो उघडपणे मांडला जात नाही. विज्ञान वाचून मुले देवापासून दूर जातील, अशी भीती आपल्यातील कितीतरी सुजाण आईवडिलांच्या मनात दबा धरून असते. म्हणून धर्मग्रामाच्या वाचनालयात संतचरित्रे आणि नोव्हेनांच्या पुस्तिका असतात; झाडांवर, ताऱ्यांवर, किड्यांवर एकही पुस्तक नसते. संतचरित्रे अवश्य असावीत. परंतु ही भीती आपल्याच इतिहासाच्या अज्ञानातून आलेली आहे. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या रोपांवरून शोधून १८६६ मध्ये प्रसिद्ध करणारा ग्रेगोर मेंडेल हा मठवासी धर्मगुरू होता. मठाची बाग हीच त्याची प्रयोगशाळा. विश्वाचा आरंभ एका अतिसूक्ष्म, घनदाट अवस्थेतून झाला असावा, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हेही कॅथलिक धर्मगुरूच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रह ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते फादर ब्लॅटर आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषवून १९६७ मध्ये पद्मश्री मिळवणारे फादर सांतापाव हे दोघेही येशूसंघीय. आणि नागपूरचेच उदाहरण हवे असेल तर स्टीफन हिस्लॉप यांचे घ्या. ते आपल्या पंथाचे नव्हते, स्कॉटिश मिशनरी होते. पण धर्मप्रसारासाठी नागपूर परिसर तुडवता तुडवता त्यांनी तेथील खडक आणि जीवाश्म गोळा करून अभ्यासले. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. या माणसांची श्रद्धा दगड पाहून, पान पाहून डळमळली नाही. मग आपल्या मुलांची डळमळेल, ही शंका आपल्याला कोठून आली?

गॅलिलिओच्या बाबतीत चर्चमधील मंडळी चुकली, हेही आपण लपवू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये ती चूक जाहीरपणे मान्य केली आणि १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धान्त हा केवळ एक तर्क म्हणून सोडून देता येणार नाही, असेही सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाऊदातो सी' हे परिपत्रक काढले. त्याचा पहिलाच अध्याय हवामान, पाणी आणि जीववैविध्य यांविषयी विज्ञानाने काय सांगितले आहे ते मांडतो. ईशज्ञानाचे विवेचन त्यानंतर येते. ज्या परिपत्रकाचा आपण प्रवचनांतून गौरव करतो ते समजण्यासाठी लागणारी पुस्तके मात्र आपण मुलांना देत नाही! वसईच्या हरित लढ्यात अग्रभागी राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपली छाती अभिमानाने फुगली. २०२४ मध्ये ते गेले. झाड, पाणी, शब्द आणि प्रार्थना ही त्यांच्या जीवनात एकाच माळेतील मणी होती. आपण ती माळ तोडून मणी वेगवेगळ्या कपाटांत ठेवले आहेत.

तेव्हा करायचे काय? आमची मागणी मोठी नाही. गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आपल्यापैकी कोणी असेल तर त्याने निदान शनिवार-रविवारी दुपारी ते कपाट उघडे राहील, अशी व्यवस्था करावी. ग्रंथपालाच्या सोबतीला स्वतः बसावे, म्हणजे हरवण्याची धास्ती त्या एकट्यावर राहणार नाही. नवी पुस्तके आली की त्यांची नावे फळ्यावर लिहावीत, शाळेत कळवावीत. धर्मग्रामाच्या वाचनालयाने दरवर्षी थोडी तरी नवी विज्ञानपुस्तके घ्यावीत. प्रथम कम्युनियनच्या दिवशी मुलाला दहा खेळणी मिळतात. त्यांतले एक वगळून पक्ष्यांवरचे वा ताऱ्यांवरचे एक पुस्तक द्यावे आणि वाचून झाल्यावर ते वाचनालयास भेट द्यावे. जेथे आपली दोन-चारच घरे आहेत तेथे तर हे आधी व्हावे. लहान समाजाला मोठ्या समाजाच्या उपयोगी पडण्याची याहून सोपी वाट दुसरी नाही. पुस्तक फाटेल, एखादे हरवेल. हरवू द्या. वाचून फाटलेले पुस्तक हा ग्रंथालयाचा तोटा नव्हे.

धन्याने दिलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपण दरसाल ऐकतो. त्या चाकराने चोरी केली नव्हती. त्याने धन नीट जपले होते आणि मागताक्षणी जसेच्या तसे परत केले होते. तरीही धनी त्याच्यावर संतापला. आपल्या कपाटातील कोरी करकरीत पुस्तके पाहताना आम्हांस त्या चाकराची आठवण होते. आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहा, असे प्रभूनेच सांगितले. त्या मुलांनी तेच केले होते. मध्ये काच होती आणि कुलूप होते. ते कुलूप आपण लावले आहे आणि किल्ली आपल्याच खिशात आहे.