किरकोळ कोणासाठी?

विहिरीवरची केबल रात्रीतून कापून नेली. सकाळी ठाण्यात गेले की पहिला प्रश्न, "कितीची होती?" साडेचार हजारांची म्हटले की एन.सी. नोंदवून घरी पाठवणी. पोलीस टाळतात असे आपण म्हणतो. पण आता कायदाच तसा आहे.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे, चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत त्याने परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पोटासाठी चार कणसे खुडणारा तुरुंगात सडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. आमची तक्रार वेगळी आहे. अशी चोरी आता अदखलपात्र ठरली. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. जुन्या कलम ३७९ ला किमतीची ही अट नव्हती.

आता हिशेब करा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. या भावाने शेतातून ६१ किलो कापूस नेला तरी चोरी किरकोळ. व्यापाऱ्याने साडेसहा हजारांनी मागितला, तर ७६ किलोपर्यंत किरकोळ. म्हणजे भाव पाडला की आपल्याकडची चोरीसुद्धा लहान होते! आणि केबलीची किंमत धरली जाते, पण बोंडे भरताना चुकलेल्या पाण्याची कोणी धरत नाही.

मग करायचे काय? तक्रार लेखी द्या. केबलीबरोबर स्टार्टर, पाइप, जे जे गेले ते सगळे लिहा, बिले जोडा. किंमत फुगवू नका, कमीही सांगू नका. माल घरातून किंवा गोदामातून गेला असेल तर तसे स्पष्ट लिहा. त्याला कलम ३०५ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचे. एन.सी. झाली तर तिची प्रत मागून घ्या आणि तपासाच्या हुकमासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. एकट्याने खेटे घालू नका, गावाने मिळून जा.

शेतीच्या साधनांच्या चोरीचा तपास किंमत न पाहता झालाच पाहिजे, असा ठराव जिल्हा बैठकीत मांडू. त्यासाठी गेल्या हंगामात गावात काय काय चोरीला गेले, त्याची यादी घेऊन या.