सगळे डावे डोळे

परवा सांगली-सातारा एसटीत शेजारची कॉलेजातली मुलगी मोबाइलवर काहीतरी उजवीकडून डावीकडे वाचत होती. जपानी मंगा. डोकावू नये, पण डोकावलो. पानभर एकच चेहरा, त्यात निम्मे डोळेच, संवादाचा फुगा एकही नाही. मनातलं एक वाक्य तेवढं चौकटीबाहेर सांडलेलं. कंडक्टर आला तसा तिनं मोबाइल पालथा घातला. फडक्यांची कादंबरी भूगोलाच्या पुस्तकात लपवणाऱ्या तिच्या पणजीनंही हेच केलं असणार.

मुलींच्या प्रेमकथांना नाक मुरडायची आपली रीत जुनी. तरी बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक १९३० साली निघालं ते याच मुलखात, किर्लोस्करवाडीत, नांगरांच्या कारखान्याशेजारी. काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. छापखाना घरचा, वाचक बायका गावोगाव. मुलींच्या मंगांची ‘नाकायोशी’ आणि ‘रिबोन’ ही जपानी मासिकं १९५४-५५ची. एवढी आघाडी असून मराठीत मुलींची चित्रकथा काही रुजली नाही.

बाईची चित्रं आपण कमी काढली असं नाही. दलाल-मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवर ती देखणीच आहे. पण ती बघून घेण्यासाठी बसलेली. तिला काय दिसतं, हे कुणी काढलं नाही. लिहिणारीनं ते १९३३ साली लिहिलं, तर तिला ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड जावं लागलं.

जपानातही आधी मुलींसाठी पुरुषच काढत, अगदी तेझुकांसारखे दिग्गज. पण मासिकांनी स्पर्धा लावून वाचक मुलींकडूनच चित्रकथा मागवल्या. १९७२मध्ये चोविशीतल्या रियोको इकेदानं ‘व्हर्सायचा गुलाब’ सुरू केली आणि फ्रेंच राज्यक्रांती मुलींच्या साप्ताहिकात आणली. नायिका राणीच्या रक्षकदलातली, पुरुषी गणवेशातली. (सगळंच असं नसतं. श्रीमंत उर्मट पोरगा छळतो आणि पोरगी त्याच्याच प्रेमात पडते, हा माल तिथंही ढिगानं खपतो.)

आपल्या दिवाळी अंकांनी एकदा तरी अशी चित्रकथा मुलींकडून मागवावी. काढणाऱ्या आहेत. माझ्या भाचीच्या विज्ञानाच्या वहीत मागच्या पानावर टपोरे, लांब पापण्यांचे अकरा डोळे मोजले. सगळे डावे. “उजवा तस्साच येत नाही रे मामा,” म्हणाली. खाली बाईंचा लाल शेरा होता: पाने वाया घालवू नयेत.