घरी आहे म्हणजे मोकळा नाही

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत नोकरी करणारी मराठवाड्यातली मुलं लॅपटॉप घेऊन गावी परतली. पुढे अनेक जण पुण्याला गेले. काही मात्र बीड, अंबाजोगाई, माजलगावात राहूनच काम करत आहेत. खोलीचं भाडं वाचतं, घरचं जेवण मिळतं, म्हाताऱ्या आईवडिलांकडे लक्ष राहतं. हे फायदे खरे आहेत.

अडचण वेगळीच आहे. ज्या जिल्ह्यात कामाला जाणं म्हणजे घर सोडणं, दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याकडे निघणं, तिथे पलंगावर मांडी घालून लॅपटॉपकडे बघणारा माणूस कामावर आहे हे घराला पटत नाही. मीटिंग चालू असताना त्याला गॅसची टाकी आणायला सांगितलं जातं, आत्याला स्टँडवर सोडायला पाठवलं जातं. तो जातो आणि राहिलेलं काम रात्री अकरानंतर उरकतो. सुनेचं तर विचारायलाच नको. तिची नोकरी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांच्या मधल्या फटीत बसवलेली असते.

यातून कामाचे तास वाढतात आणि ते कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त होता. हा अभ्यास केवळ घरून काम करणाऱ्यांचा नव्हे. पण रात्रीचे दोन-तीन तास रोज जोडले, तर 55 चा आकडा फार लांब राहत नाही.

पहाटे पाचला उठा, दिवसाचं वेळापत्रक रंगीत पेनाने लिहा, असले सल्ले मोबाइलवर ढिगाने मिळतात. त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. कामाची वेळ घरातल्यांना आणि साहेबाला, दोघांनाही स्पष्ट सांगणं जास्त गरजेचं आहे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. घरातला नियम मात्र संसदेवाचून करता येतो. दार लोटलेलं असेल तर टाकी शेजारच्याने आणावी, किंवा सासऱ्यांनी. त्यात कमीपणा नाही.

शरीराचंही थोडं पाहावं. पलंग सोडून खुर्ची-टेबल घ्यावं. लॅपटॉपखाली डबे किंवा जाड पुस्तकं ठेवून स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणावा, कीबोर्ड वेगळा जोडावा. ऑफिसला जाताना होणारं चालणं आता बंद झालं आहे, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने उठावं आणि संध्याकाळी अर्धा तास चालावं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कूलरसमोर बसलेल्याला तहान जाणवत नाही, पण लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. मुतखड्याचं एक मोठं कारण हेच आहे.

अमेरिकेतल्या कंपनीचं काम करणाऱ्यांची झोप हा आणखी कठीण प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. अशांनी शिफ्टच्या उत्तरार्धात चहा टाळावा, सकाळी खिडकीला जाड पडदा लावून सलग सात तास झोपावं, आणि त्या वेळेत दारावरची बेल वाजू नये हे घराने पाहावं.

सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर असा रुग्ण व्यवसाय विचारल्यावर ‘घरीच असतो’ म्हणतो, गर्दीत डॉक्टरही पुढे विचारत नाही आणि पाठदुखीची गोळी लिहिली जाते. रुग्णाने आपणहून सांगावं: रोज किती तास बसतो, कशावर बसतो आणि झोपायला किती वाजतात.