पुण्यात टॅलेंट नाही? साफ खोटं!

सप्टेंबर 2018. ढाक्यात सॅफ कपच्या फायनलला भारताच्या गोलमध्ये विशाल कैथ उभा होता. पोरगा हिमाचलचा, वय 22, पण क्लब आपला: एफसी पुणे सिटी.

वर्षभरात क्लबच गुंडाळला गेला. कैथ चेन्नईला गेला आणि पुढे मोहन बागानकडून 2022-23 च्या आयएसएलचा गोल्डन ग्लोव्ह घेतला. त्याचं भलं झालं. आपलं काय?

पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. 2019 पर्यंत तिन्ही व्यावसायिक क्लब बंद. वर आपण म्हणणार, 'पुण्यात टॅलेंटच नाही.' अहो, कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि 2017 चा सतरा वर्षांखालील वर्ल्डकप खेळला!

पण अनिकेत फॉरवर्ड. फॉरवर्डला निदान शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. कीपरची जागा एकच, आणि पहिला कीपर जखमी झाल्याशिवाय ती सहसा सुटत नाही. म्हणून नव्या कीपरला क्लब जास्त लागतात, मॅचेस जास्त लागतात, चुकायला वर्षं लागतात. आपण नेमकं तेच काढून घेतलं.

माझ्या ऑफिसात एक सर्व्हर पडला, तर दुसरा तयार असतो. पुण्यातल्या चौदा वर्षांच्या कीपरसाठी तेवढीही सोय नाही.

आपण मात्र मध्यरात्री जागून चॅम्पियन्स लीग बघतो. येत्या रविवारी जवळच्या मैदानावर पोरांची मॅच बघायला जा. रिकाम्या गॅलरीसाठी कुणीच क्लब चालवत नाही.