कॅराव्हॅनचे कौतुक आणि चिंचलीच्या गाड्या

परवा एक मित्र म्हणाला, "आता आपल्याकडेही कॅराव्हॅन आली बरं का!" चाकांवरचे घर, आत पलंग, चूल, न्हाणी. वाटेल तिथे मुक्काम. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये यासाठी खास धोरण काढले, केरळनेही त्याच वर्षी 'केरवन'चा गाजावाजा केला. करा की! माझी हरकत आहे ती फक्त 'आता आली' या दोन शब्दांना.

निपाणीहून चिकोडीकडे माघात एकदा जाऊन बघा. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला निघालेल्या गाड्या दिसतील. कोल्हापूर-सांगलीकडून येतात, बेळगावच्या खेड्यांतून येतात. गाडीवर छप्पर, आत गोधड्या, पोरे, म्हातारी माणसे, पिठाचा डबा, मागे बांधलेला कडबा. संध्याकाळ झाली की कुणाच्या तरी रानात गाडी सोडायची, बैलांना वैरण टाकायची, तीन दगडांची चूल मांडायची. आता बैलांपेक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जास्त असतात हे खरे, पण वर ताडपत्री आणि खाली गोधडी तीच. ही कॅराव्हॅन नव्हे तर काय? सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारेही असेच जात आले. मराठी की कानडी हा प्रश्न त्या चुलीपाशी कुणी विचारत नाही. तो विचारायला आपण शहाणी माणसे आहोतच.

आम्हा गोंयकारांना तर हे सांगायलाच नको. आमच्या आगरांतले मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाट चढणारे लमाणांचे तांडे कुणाच्या धोरणाची वाट पाहत थांबले होते? पण गोऱ्या माणसाने किनाऱ्यावर व्हॅन लावली की ते पर्यटन, आणि धनगराने गावाबाहेर मेंढरे बसवली की 'हे कुठले आले, हाकला यांना'! ज्या शेतकऱ्याला लेंडीखत हवे असते तोच काय तो त्यांना पाहुण्यासारखा वागवतो.

असो. मुद्दा कौतुकाचा नाही, जागेचा आहे. कॅराव्हॅनच्या धोरणात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. गाड्या उभ्या करायला राखीव जागा, तिथे पाणी, वीज, संडास. नेमके हेच या वाटेवर हवे आहे! मी एका मुक्कामावर विचारले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "देवीचं काय न्हाई ओ, पर पहाटं अंधारातच उठावं लागतंय, उजाडल्यावर बाईमाणसानं जायचं कुठं?" पूर्वी गायरान होते, ओढ्याला पाणी होते. आज ओढ्यापर्यंत ऊस आला आहे आणि गायरानावर ज्याचा त्याचा डोळा. त्याच उसाच्या तोडणीला बीडकडून येणारी माणसे इथे पाचटाच्या कोपीत महिनेच्या महिने काढतात. त्यांच्या मुक्कामाला तर कुणी पर्यटनही म्हणणार नाही.

निपाणीला तरी हे कळायला हवे. 1981 मध्ये तंबाखूच्या शेतकऱ्यांनी इथल्याच हमरस्त्यावर तीन आठवडे संसार मांडला होता. शेवटी गोळीबार झाला, माणसे मेली. रस्त्याकडेला मुक्काम करणे म्हणजे काय, हे या गावाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

कुणी म्हणेल, कॅराव्हॅनवाला पैसे मोजतो, जत्रेकरू काय देतो? अहो, हा हिशेब कुणी केला? वाटेवरचा किराणा, वैरण, चहा, नारळ, पंक्चर काढणारा, हे सगळे कुणाच्या जिवावर चालते? आणि समजा नाही दिले पैसे, तर तहान काय पावती बघून लागते?

तेव्हा उद्या निपाणी-चिकोडीच्या वाटेवर गायरानाचा तुकडा काढून कुणी कॅराव्हॅन पार्क उभारणार असेल तर माझी एवढीच अट. फाटक बैलगाडी आत जाईल इतके रुंद ठेवा, एका कडेला गुरांचा हौद बांधा, आणि माघात तिथल्या संडासांना कुलूप लावू नका.